फॉरमॅट करण्याआधी डिस्क वाचा

शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याभोवतीच्या बाजारात फिरताना कापडाचे दुकान असो, औषधांचे असो की लग्नाचे शूटिंग करणारा स्टुडिओ असो, धंद्याचा हिशेब, ग्राहकांचे फोटो आणि सीसीटीव्हीचे चित्रण आज कुठल्या तरी हार्ड डिस्कवरच असते. अशी डिस्क एक दिवस दुसऱ्या संगणकाला जोडली की पडद्यावर सूचना येते: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? पुष्कळदा घाईत होकाराचे बटण दाबले जाते, किंवा डिस्क तशीच उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेली जाते. या दोन्हींच्या आधी एक पायरी आहे आणि ती फुकट आहे: कमांड लाइनवरून डिस्कची पार्टिशन स्वतः पाहणे. माझे म्हणणे असे आहे की हे पाहणे तंत्रज्ञाचे खास काम समजू नये. ज्याची माहिती डिस्कवर आहे, त्याने ते आधी स्वतः करावे. डिस्क खराब होण्याइतकेच नुकसान न पाहता घेतलेल्या निर्णयानेही होते.

त्यासाठी डिस्कवर काय असते ते समजून घ्यायला हवे. हार्ड डिस्क म्हणजे ओळीने क्रमांक दिलेले लाखो-कोटी सेक्टर. एक सेक्टर बहुधा ५१२ बाइटचा. कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत कोणता भाग, याची नोंद म्हणजे पार्टिशन टेबल. आयबीएम पीसीच्या काळात, १९८३ च्या सुमारास रूढ झालेल्या जुन्या पद्धतीत, म्हणजे एमबीआरमध्ये, ही नोंद पहिल्याच सेक्टरमध्ये असते आणि तिला अवघी ६४ बाइट जागा मिळते. प्रत्येकी १६ बाइटच्या चारच नोंदी त्यात मावतात. सेक्टरच्या क्रमांकासाठी ३२ बिटच असल्याने ही पद्धत सुमारे दोन टेराबाइटच्या पुढे जाऊ शकत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत साधारणपणे १२८ नोंदी बसतात आणि टेबलाची एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटीही ठेवलेली असते. या टेबलाचे नाते सातबाऱ्यासारखे आहे: उतारा फाटला म्हणून शेतातले पीक नाहीसे होत नाही. टेबल बिघडले तरी फोटो आणि हिशेब बहुधा जागच्या जागी असतात. ते खरोखर जातात ते नंतरच्या लिहिण्याने. फॉरमॅट म्हणजे असेच लिहिणे.

आता प्रश्न असा की, नेहमीची खिडकी हे दाखवत नाही का? अर्धेच दाखवते. विंडोजच्या नेहमीच्या पडद्यावर ज्या भागांना सी, डी असे अक्षर मिळाले आहे तेवढेच दिसतात. आजच्या लॅपटॉपवर सी या एका भागाशिवाय सुरुवातीला साधारण १०० मेगाबाइटचा ईएफआय भाग, १६ मेगाबाइटचा राखीव भाग आणि विंडोज परत बसवण्यासाठीचा रिकव्हरी भागही असतो. जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्याला हे भाग दिसले नाहीत, तर रिकव्हरी उडवलेली आहे की शाबूत, हे त्याला कळणार कसे? त्याहून महत्त्वाचे उदाहरण सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचे. यातली बरीच यंत्रे लिनक्सची किंवा स्वतःची फाइल पद्धत वापरतात. विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून चांगल्या चालणाऱ्या डिस्कबद्दलही फॉरमॅट करण्याची सूचना येते. त्या सूचनेचा अर्थ ‘मला हे वाचता येत नाही’ एवढाच असतो. घाबरलेला माणूस मात्र तो ‘डिस्क गेली’ असा घेतो.

पाहण्याची रीत सोपी आहे. लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ ही कमांड, आणि तिच्यापुढे जागा सोडून ‘उणे एफ’ असे छोट्या रोमन लिपीत लिहायचे. जोडलेली प्रत्येक डिस्क, तिचे भाग, प्रत्येकाची फाइल पद्धत, नाव आणि तो कुठे उघडलेला आहे, अशी यादी समोर येते. पहिली डिस्क बहुधा एसडीए, दुसरी एसडीबी. तिचे भाग एसडीबी१, एसडीबी२ असे. अधिक बारकाईने पाहायचे तर ‘सुडो एफडिस्क उणे एल’. एक टेराबाइटच्या डिस्कबाबत ती सहसा १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट आणि १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असे दाखवते. यात ९३१ गिगाबाइटच का दिसतात, या नेहमीच्या शंकेचेही उत्तर मिळते: कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, काही चोरीला गेलेले नसते. पहिला भाग कुठून सुरू होतो तेही पाहावे. २०४८ व्या सेक्टरपासून असेल तर आखणी आजच्या पद्धतीची. ६३ पासून असेल तर ती विंडोज एक्सपीच्या जमान्यातली, आणि नव्या डिस्कवर असे असेल तर ती संथ चालण्याचे एक कारण तेच असू शकते.

या वाचण्यातूनच पुढचा निर्णय सुचतो. टेबलात एनटीएफएस या विंडोजच्या फाइल पद्धतीच्या भागाची सीमा नीट दिसते, पण ‘एलएसबीएलके’च्या फाइल पद्धतीच्या रकान्यात काहीच नाही, तर सीमा शाबूत आणि भागाची सुरुवात बिघडलेली असण्याची शक्यता जास्त. एनटीएफएस आपल्या सुरुवातीच्या सेक्टरची एक प्रत भागाच्या शेवटी ठेवते, आणि टेस्टडिस्कसारखे मोफत साधन ती वापरून भाग परत उभा करू शकते. टेबलच रिकामे असेल तर तेच साधन सेक्टर चाळून हरवलेल्या सीमा शोधते. रकान्यात ‘एक्स्ट४’ ही लिनक्सची फाइल पद्धत दिसली, तर डिस्कला बहुधा काहीही झालेले नाही. ती फक्त लिनक्सवर उघडायची. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट डिस्क’, ‘सिलेक्ट डिस्क १’ आणि ‘लिस्ट पार्टिशन’ असे क्रमाने लिहिले तर हीच विभागणी दिसते. जीपीटीच्या रकान्यातल्या चांदणीवरून टेबलाचा प्रकार कळतो. मॅकवर ‘डिस्कयुटिल लिस्ट’ पुरते.

यावर पहिला आक्षेप असा की, कमांड लाइन धोक्याची आहे. एक अक्षर चुकले की सगळे साफ. भीती रास्त आहे. ‘डिस्कपार्ट’मध्ये ‘क्लीन’ लिहिले तर ते एकदाही न विचारता टेबल पुसते. पण इथे पाहण्याच्या कमांड आणि बदलण्याच्या कमांड असा भेद करायला हवा. लिस्ट, उणे एल, एलएसबीएलके या फक्त वाचतात. ‘एफडिस्क’मध्ये बदल केले तरी ‘डब्ल्यू’ देईपर्यंत ते डिस्कवर उतरत नाहीत. ‘पार्टेड’ मात्र लगेच लिहिते, हे ठाऊक असावे. धोका काळ्या पडद्यात नसून लिहिण्याच्या कृतीत आहे. खिडकीतले फॉरमॅटचे बटण तेच लिहिते, आणि तेही मैत्रीपूर्ण चेहऱ्याने.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विंडोजचे डिस्क मॅनेजमेंट चित्रासकट सगळे दाखवते, मग एवढा खटाटोप कशाला? ते पुष्कळ दाखवते हे मान्य. पण टेबल नसलेली डिस्क जोडली की तेच साधन ‘इनिशिअलाइज करा’ असे विचारते, म्हणजे पाहायला आलेल्याच्या हातात लिहिण्याची लेखणी देते. विंडोज सुरूच होत नसेल तर ते उपयोगाचे नाही. पेनड्राइव्हवरून चालवलेले लिनक्स तेव्हाही ‘एलएसबीएलके’ दाखवते. शिवाय कमांडचे उत्तर मजकुरात असते. ते जपून ठेवता येते, जाणकाराला पाठवता येते, महिन्याने पुन्हा पाहून ताडता येते. आपल्याकडे एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांनी असंख्य लोकांना माऊस आणि खिडक्यांची ओळख करून दिली. त्यापुढचे हे पाऊल फार लांब नाही. शिकायचे शब्द दहा-बारा आहेत.

या पाहण्याच्या मर्यादाही स्पष्ट असाव्यात. टेबल सांगते ते डिस्कचे म्हणणे. तिचे आरोग्य नव्हे. त्यासाठी ‘स्मार्टसीटीएल’ लागते. बनावट पेनड्राइव्ह आपली क्षमता फुगवून सांगतो, तो ‘एफ३’सारख्या साधनाने भरून तपासावा लागतो. आणि टेबल रिकामे दिसले म्हणजे माहिती पुसली गेली असेही नाही. सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या अमेरिकेतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या बाजारातून १५८ डिस्क घेतल्या; त्यातल्या चालू असलेल्या १२९ पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या निघाल्या. चोरीच्या तपासात पुरावा ठरणारी डिस्क तर स्वतः जोडूच नये, कारण जोडल्यानेही तिच्यावर काही लिहिले जाऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश, म्हणजे माहितीवरून गणिताने काढलेला ठसा, द्यावा लागतो, आणि एक बाइट बदलला तरी तो बदलतो. अशी डिस्क जशी आहे तशी पोलिसांकडे द्यावी.

बाकी प्रत्येक डिस्कबाबत नियम एकच ठेवा. विकत घेताना, विकताना किंवा दुरुस्तीला देताना आधी पार्टिशनची यादी काढा, तिचा फोटो घ्या, आणि दुकानदारालाही ती तुमच्या समोर काढायला सांगा. फॉरमॅटच्या सूचनेला पहिले उत्तर नेहमी ‘नाही’ द्या. डिस्क पाहून घेतल्यावर फॉरमॅट करायचे ठरले, तर ते उद्याही करता येईल. एकदा लिहिले गेलेले परत घेता येईलच असे नाही.