पाळीव मांजराचे जलसेवन : मराठवाड्यातील उन्हाळ्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे रेणुकादेवीच्या मंदिरामुळे परिचित असलेले गाव होय. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे येथेही एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. याच मराठवाड्यात एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. अशा प्रदेशात गाय, बैल, शेळी यांच्या पाण्याची काळजी आवर्जून घेतली जाते. कारण ही जनावरे तहान लागताच हौदाकडे धाव घेतात. धान्याच्या कोठीजवळ उंदरांच्या बंदोबस्तासाठी सांभाळलेले मांजर मात्र पाण्यासाठी सहसा ओरडत नाही. त्याला पाणी लागतच नाही, असा समज त्यातूनच रूढ झाला आहे. हा समज मांजराच्या जिवावर बेतू शकतो.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) मांजर कमी पाणी का पिते याची शास्त्रीय कारणे स्पष्ट करणे.
२) अपुऱ्या जलसेवनाचे परिणाम सांगणे.
३) ग्रामीण घरात सहज करता येतील असे उपाय सुचविणे.

शास्त्रीय पार्श्वभूमी :

पाळीव मांजराचा पूर्वज आफ्रिकी रानमांजर हा उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातील शुष्क प्रदेशात वावरणारा प्राणी आहे. २००७ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हे नाते स्पष्ट केले. उंदीर, पक्षी यांसारख्या भक्ष्याच्या शरीरात सुमारे ६५ ते ७० टक्के पाणी असते. म्हणजेच या प्राण्याची पाण्याची बहुतांश गरज शिकारीतूनच भागत असे. त्याचे मूत्रपिंडही त्यानुसार घडले. मांजराच्या लघवीचे विशिष्ट गुरुत्व १.०८० किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते. मानवाला इतकी दाट लघवी करता येत नाही. याचा दुसरा परिणाम असा की, मांजराची तहानेची जाणीव मंद असते. शरीरातील पाणी घटल्यावर कुत्रा थोड्याच वेळात ती तूट भरून काढतो, मांजराला मात्र त्यासाठी बराच अवधी लागतो.

पाणी पिण्याची मांजराची रीतही वेगळी आहे. २०१० साली 'सायन्स'मध्येच प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार मांजर जिभेचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाला केवळ स्पर्श करून झटकन वर उचलते आणि वर येणारा पाण्याचा बारीक स्तंभ तोंडात पकडते. सेकंदाला सुमारे चार वेळा ही क्रिया घडते, परंतु प्रत्येक वेळी पोटात जाणारे पाणी अत्यल्प असते.

आहार व पाणी यांचे गणित :

प्रौढ मांजराला दररोज प्रतिकिलो वजनामागे साधारणपणे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. चार किलो वजनाच्या मांजराची गरज त्यामुळे २०० ते २४० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक पेलाभर होते. यात अन्नातून मिळणारे पाणीही धरलेले आहे. पाकीटबंद कोरड्या दाणेदार खाद्यात साधारण ६ ते १० टक्केच पाणी असते. असे ६० ग्रॅम खाद्य खाल्ल्यास त्यातून फार तर ६ मिलिलिटर पाणी मिळते. याउलट ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के पाणी असल्याने २०० ग्रॅम खाद्यातून किमान १५० मिलिलिटर पाणी मिळून जाते. २०११ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खाद्यातील पाण्याचे प्रमाण सुमारे ७३ टक्के केल्यावर मांजरांचे एकूण जलसेवन वाढले व लघवी पातळ झाली, असे आढळले. तात्पर्य, मांजराला पाणी पाजण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग त्याच्या अन्नातून जातो.

अपुऱ्या जलसेवनाचे परिणाम :

लघवी सतत दाट राहिल्यास तिच्यातील क्षारांचे खडे बनण्याचा संभव वाढतो. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने खडा किंवा क्षारमिश्रित गाळ अडकून लघवी पूर्णपणे तुंबू शकते. अशा वेळी रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयक्रिया बंद पडते आणि एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. याशिवाय बद्धकोष्ठता उद्भवते. उतारवयातील मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार मुळातच पुष्कळ आढळतो. अशा मांजराला पाण्याची तूट अधिकच बाधते.

उपाययोजना :

१) पाण्याची भांडी एकाहून अधिक असावीत व ती ओसरी, माजघर अशा वेगवेगळ्या सावलीच्या जागी ठेवावीत. अन्नाच्या ताटलीला व शौचाच्या जागेला ती लागून नसावीत.
२) भांडे पसरट असून काठोकाठ भरलेले असावे. मातीच्या परळात पाणी गार राहते. पाणी रोज बदलावे व भांडे घासून घ्यावे.
३) काही मांजरांना वाहते पाणी आवडते, तथापि विजेवर चालणाऱ्या कारंज्यांचा लाभ सर्व मांजरांत सारखा आढळलेला नाही. त्यासाठी खर्च करण्याची निकड नाही.
४) कोरडे खाद्य कोमट पाण्यात भिजवून द्यावे व उन्हाळ्यात ते लवकर उचलावे, अन्यथा ते आंबते.
५) मीठ-मसाला न घालता उकडलेल्या कोंबडीचे किंवा मासळीचे पाणी थोडे थोडे द्यावे. पाण्याची सवय हळूहळू वाढवावी. तोंडात बळेच पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

दोन गैरसमज :

'मांजर डोळे मिटून दूध पिते' ही म्हण सर्वपरिचित आहे. त्यामुळे दूध-भाकरी हाच मांजराचा आहार मानला जातो. परंतु अनेक प्रौढ मांजरांत दुधातील शर्करा पचविणारे विकर कमी झालेले असते. परिणामी जुलाब होऊन शरीरातील पाणी उलट घटते. शिवाय मांजराला अत्यावश्यक असलेले टॉरिन हे द्रव्य भाकरीत नसते. त्याच्या अभावी हृदयविकार होतो, हे १९८७ सालच्या संशोधनाने दाखवून दिले. दुसरा गैरसमज रश्श्याविषयी आहे. कांदा व लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात. म्हणून घरातील मटणाचा रस्सा पाण्याला पर्याय ठरत नाही.

धोक्याची लक्षणे :

हिरड्या चिकट व कोरड्या लागणे, मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसणे, डोळे खोल जाणे व सुस्ती ही पाणी घटल्याची लक्षणे होत. बोका वारंवार लघवीला बसून कण्हत असेल व लघवी होत नसेल, तर ते बद्धकोष्ठ समजून घरगुती इलाज करू नयेत. तत्काळ पशुवैद्यक गाठावा. परभणी येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. याउलट मांजर अचानक फार पाणी पिऊ लागल्यास तेही मूत्रपिंडविकाराचे वा मधुमेहाचे लक्षण असू शकते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, मांजराचे कमी पाणी पिणे ही त्याची उत्क्रांतीतून आलेली प्रकृती आहे. कोरड्या आहारामुळे व प्रखर उन्हाळ्यामुळे तीच प्रकृती घातक ठरते. टंचाईच्या काळातही मांजराची गरज पेलाभर पाण्याचीच असते. ते पाणी योग्य जागी, स्वच्छ भांड्यात आणि शक्य तेवढे अन्नातून देणे कोणत्याही कुटुंबाला परवडणारे आहे. महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र विभाग व राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे यांतून ही माहिती गावोगावी पोहोचविल्यास अनेक मुक्या जिवांचे प्राण वाचू शकतील.