दुधाच्या गावातील मांजर

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेले संगमनेर आणि त्याच्या भोवतीची गावे सहकारी दूधधंद्यासाठी ओळखली जातात. येथील अनेक घरांत संकरित गायींचा गोठा, कडब्याची गंज आणि धान्याची कोठी असते, आणि उंदरांचा बंदोबस्त व्हावा म्हणून पाळलेले मांजरही त्याच अंगणात वावरत असते. गायीने वैरण सोडली किंवा दूध कमी दिले तर ते त्याच दिवशी लक्षात येते, परंतु मांजर आपले आपण सांभाळते असे गृहीत धरले जाते. हा समज घातक आहे, कारण मांजर आजार लपवणारा प्राणी असून त्याच्या शरीराचे व्यवहार माणूस आणि गाय या दोहोंपेक्षा वेगळे आहेत.

हा फरक आहारात प्रथम दिसतो. धार काढल्यावर वाटीत ओतलेले दूध मांजर आवडीने पिते. पण दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर पिल्लू मोठे होताना कमी होत जाते, त्यामुळे अनेक प्रौढ मांजरांना दुधाने जुलाब होतात. मांजराला मांसातून मिळणारे टॉरिन हे अमिनो आम्ल आवश्यक असते, कारण ते त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. टॉरिनच्या अभावी दृष्टिपटल खराब होते हे 1975 मध्ये, तर हृदयाचे स्नायू दुबळे होतात हे 1987 मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून दूध-पोळी किंवा दूध-भात हा मांजराचा आहार ठरू शकत नाही. घरात मांस शिजत नसेल तर मांजरांसाठी तयार केलेले संपूर्ण खाद्य द्यावे, आणि सोबत स्वच्छ पाण्याचे भांडे कायम भरलेले ठेवावे. कांदा-लसूण घातलेला रस्सा मात्र कधीही देऊ नये, कारण त्याने मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात.

रोजच्या तपासणीला फार वेळ लागत नाही. मांजराने किती खाल्ले, माती किंवा वाळूच्या पाटीत लघवी व विष्ठा केली का, हिरड्या गुलाबी व ओलसर आहेत का, हे पाहावे. मानेवरची कातडी हलकेच उचलून सोडल्यावर ती लगेच पूर्ववत झाली नाही तर अंगातील पाणी कमी झाल्याचा संशय घ्यावा. केसांतून उलटा हात फिरवला की पिसवा, त्यांची काळी विष्ठा आणि जखमा दिसतात. निरोगी मांजराचे तापमान साधारण 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असते, म्हणून ते हाताला गरम लागले एवढ्यावरून ताप ठरवू नये. बोका वारंवार पाटीत बसूनही लघवी होत नसेल तर त्याला बद्धकोष्ठता समजणे ही मोठी चूक होय. मूत्रमार्ग तुंबल्यास एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो. सलग दोन दिवस अन्न न घेणाऱ्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठू लागते, त्यामुळे तेथेही वाट पाहणे धोक्याचे असते.

गोठ्याच्या घरात सर्वाधिक सावधगिरी औषधांबाबत लागते. काही औषधे ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडून शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते. म्हणून माणसाचा ताप उतरवणारी पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. जनावरांवरील गोचीड मारण्यासाठी फवारली जाणारी पायरेथ्रॉइड गटातील द्रावणेही मांजराला सहन होत नाहीत. परमेथ्रिनने त्याला थरथर आणि झटके येतात. विषारी आमिष खाऊन मेलेला उंदीर मांजराच्या तोंडी लागू नये, यासाठी मेलेले उंदीर लगेच पुरावेत.

प्रतिबंधाचे वेळापत्रक सोपे आहे. संसर्गजन्य आंत्रशोथ आणि श्वसनमार्गाचे दोन विषाणुजन्य आजार यांविरुद्धची तिहेरी लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने देतात. रेबीजची लस बाराव्या आठवड्याच्या सुमारास देतात. मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. भाटीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो आणि ती वर्षात एकाहून अधिक वेळा विऊ शकते, त्यामुळे पाच-सहा महिन्यांच्या वयात नसबंदी करून घेणे हा पिल्लांची उपासमार टाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

संगमनेरसारख्या दूधधंद्याच्या गावात जनावरांच्या डॉक्टरांचे येणे-जाणे नेहमीचे असते. गाय तपासायला आलेल्या डॉक्टरांना मांजरही दाखवावे, आणि त्यांना विचारल्याशिवाय माणसाचे किंवा गायीचे कोणतेही औषध त्याला देऊ नये.