स्वस्त बोर्दो घ्यावी का?

दौंड तालुक्यातल्या रोटी गावात फोर सीझन्स या वाइन कंपनीची वाइनरी उभी राहिली. तिथल्या लाल वाइनसाठी कॅबर्ने सोव्हिन्यों हे मूळचं फ्रान्सच्या बोर्दो भागातलंच द्राक्ष वापरलं गेलं. मग दुकानात शेजारी स्वस्त फ्रेंच बोर्दो दिसली, तर निवड कशी करायची?

आधी किंमत फोडा. आयात वाइनवर केंद्राचा कर अनेक वर्षं 150 टक्के होता. म्हणजे 500 रुपयांची वाइन नुसत्या करानेच 1250 वर जाई. वाहतूक, राज्याचे कर आणि नफा वेगळा. स्वस्त आयात बाटलीत वाइनसाठी मोजलेला पैसा फार थोडा असतो.

मग लेबलवरचं साल, म्हणजे तोडणीचं वर्ष पाहा. बोर्दोत तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. तेव्हा पाऊस झाला, तर रस पातळ होतो. आपल्याकडे तोडणी कोरड्या फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. शिवाय स्वस्त बोर्दो मुरवायची नसते. तीन-चार वर्षांच्या आतलीच घ्यावी.

शेवटी साठवण. उष्णतेने ऑक्सिडेशन वाढतं आणि फळांचा गंध उडतो. दौंडचा उन्हाळा चाळिशी गाठतो. बाटली उन्हात असेल किंवा बूच वर सरकलं असेल, तर घेऊच नका. थंड जागेतली, ताज्या सालाची मिळाली, तर एकदा चाखायला हरकत नाही. रोजच्या जेवणासोबत मात्र इथलीच परवडते.