धीट घोडा, पडणारे दांडे आणि काही हट्टी समज

2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमधल्या घोडेस्वारीच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या आणि वैयक्तिक उड्यांच्या अंतिम फेरीआधी चार घोडे बाजूला काढावे लागले. त्यांच्या तपासणीत कॅप्सेसिन सापडलं होतं. मिरची तिखट लागते ती याच द्रव्यामुळे. ते दुखऱ्या स्नायूंवर चोळायच्या मलमातही असतं, पण घोड्याच्या पायाला लावलं तर कातडी हुळहुळी होते आणि दांड्याचा ओझरता स्पर्शही झोंबतो. लावणाऱ्यांचा हेतू काय होता, यावर बरेच वाद झाले. पुढे नॉर्वेच्या संघाला मात्र कांस्यपदक गमवावं लागलं.

या प्रकरणामागचा समज जुना आहे: दुखलं की घोडा पाय उचलतो. उडीच्या ऐन क्षणी दांडा वर उचलून पायांवर आपटायचा, असाही एक प्रकार चाले. 1990 मध्ये जर्मनीत त्याचं चित्रीकरण बाहेर आलं आणि मोठा गदारोळ झाला. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या नियमांनुसार आज हा सरळसरळ छळ ठरतो. नियम बाजूला ठेवले, तरी धीट, तरण्या घोड्याच्या बाबतीत हा हिशेबच चुकतो. स्पर्धेत दांडा पाडला तर चार दोषगुण मिळतात. घोडा अडला तर पहिल्या वेळी तेवढेच, पण वरच्या स्तरावर दुसऱ्यांदा अडला की स्वार बाद. धास्तावलेला घोडा दांडा पाडायचा थांबेल की नाही ते सांगता येत नाही, पण तो अडायला नक्की शिकू शकतो. म्हणजे त्याची सगळ्यात मोलाची गोष्ट, त्याचा धीटपणा, आपल्याच हातांनी घालवायचा.

मुळात धीट घोडा बेफिकीर असतो, हेच अर्धसत्य आहे. असा घोडा बहुतेक वेळा घाई करतो. वेगात तो उडीच्या फार जवळ येतो किंवा फार लांबूनच झेपावतो. उडीची कमान सपाट होते, पाठ गोल होत नाही, पुढचे गुडघे वर यायला वेळच मिळत नाही. आपल्याकडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड उडीच्या खेळात येतात, तेव्हा हे ठळक दिसतं. वेगासाठीच वाढवलेल्या या जनावरांची टाप लांब आणि सपाट पडते. अशा वेळी कडक लगाम चढवणं हा सोपा उपाय वाटतो. पण घाईचं कारण अनेकदा तोल गेलेला असणं किंवा बावरलेपणा हेच असतं, आणि तोंडात दुखायला लागलं की घोडा आणखीच पळतो.

खरं काम जमिनीवरचे दांडे करतात. प्रशिक्षक दुडकीसाठी साधारण 1.3 मीटरच्या अंतराने तीन-चार दांडे मांडतात. त्यांच्यापुढे फुलीसारखा छोटा अडथळा, तिथून सुमारे साडेपाच मीटरवर एक सरळ उडी आणि तिच्यापुढे जेमतेम साडेसहा मीटरवर रुंद उडी. मध्ये फक्त एकेक टाप बसते. अंतर घोड्याच्या टापेनुसार थोडं कमी-जास्त करायचं असतं; पट्टीने मोजून सगळ्यांना एकच माप लावलं तर फसगत होते. अशा रांगेत घाई करणारा घोडा पुढच्या उडीच्या फार जवळ जातो आणि त्याला थांबून, पाठ वर घेऊन, गुडघे आवळून उडावं लागतं. स्वाराने काही न करता पुढच्या खेपेला तो आपणहून टाप आखडतो. दोन अडथळ्यांमध्ये एकही टाप नसलेली, तीन-सव्वातीन मीटरची मांडणीही हेच शिकवते, आणि जलद शिकवते. मात्र अशी कवायत चार-सहा उड्यांत आटपावी. थकलेला घोडा पाय ओढायलाच शिकतो.

उंची वाढवली की घोडा गंभीर होईल, असं अनेकांना वाटतं. त्यात थोडं तथ्य आहे. काही घोडे गुडघाभर उंचीला जुमानतच नाहीत. पण त्यावर उतारा रुंदीचा आणि मांडणीचा. वरच्या दांड्यावर दोन दांडे उलट्या ‘व्ही’सारखे टेकवले की घोडा मधोमध राहतो आणि पुढचे पाय नीट आवळतो. शिवाय घाई तरी कशाची? घोड्याच्या कण्यातल्या वाढीच्या चकत्या साडेपाच-सहा वर्षांपर्यंत पुरत्या जुळलेल्या नसतात. ऑलिम्पिकमध्ये उड्यांच्या घोड्याचं वय किमान नऊ वर्षं लागतं. उंच उडीचा अजूनही न मोडलेला विक्रम 2.47 मीटरचा आहे. चिलीतल्या व्हिन्या देल मार इथे 1949 मध्ये तो रचणारा हुआसो हा घोडा ऐन जवानीतला नव्हता, पंधरा-सोळा वर्षांचा होता. तोही आधी शर्यतीचा घोडा होता, आणि तेही तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

फसवी उडी मांडली की घोडा सावध होतो, हाही एक लाडका समज. घोडा उंचीचा अंदाज बराचसा अडथळ्याच्या पायथ्यावरून बांधतो. जमिनीवरचा दांडा किंचित पुढे असेल तर त्याला झेप कुठून घ्यायची ते कळतं. तोच मागे सरकवला तर त्याची दिशाभूल होते. रंगांचंही तसंच. घोड्याला निळा आणि पिवळा वेगळे दिसतात, तांबडा-हिरवा मात्र नीट ओळखता येत नाही. एक्झिटर विद्यापीठाच्या अभ्यासानंतर ब्रिटनमधल्या अडथळ्यांच्या शर्यतींत नारिंगी पट्ट्यांच्या जागी पांढरे आणण्याचा निर्णय झाला, तो म्हणूनच.

आणि स्वार? तो घोड्याला ‘उचलतो’, ही समजूत इटलीच्या घोडदळातला अधिकारी फेदेरिको काप्रिली याने शंभर वर्षांपूर्वीच मोडीत काढली. त्याआधी स्वार उडीवर मागे रेलून लगाम ओढत असत. काप्रिलीने पुढे झुकून, हात सैल सोडून, घोड्याला मान वापरू देण्याची पद्धत रूढ केली. ती 1907 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर जगभरच्या घोडदळांनी उचलली. आज सर्कशीतल्या खेळाडूसारखा हातांनी घोडा वर ओढणारा स्वार दिसला, तर दांडा पडण्याचं निम्मं कारण तिथेच शोधावं.

उरलेलं निम्मं कधी कधी अंगात असतं. एरवी नीट उडणारा घोडा अचानक दांडे पाडू लागला, तर कवायत वाढवण्याआधी खोगीर, दात, खूर आणि पाठ पशुवैद्याला दाखवून घ्या.