भीती मनात, तारीख ध्यानात

पाटसच्या शिवारात लागणीच्या उसात काणी दिसली, की खोडव्यात आपण फेऱ्या वाढवतो. भीतीने शेतात जायचे सोडत नाही.

मुंबईत परळला १९४१ साली टाटा रुग्णालय सुरू झाले. तेथून स्तनाच्या कर्करोगातून अनेक स्त्रिया बऱ्या होऊन घरी आल्या. पण भीतीही सोबत आली. पाठ दुखली तरी वाटते, 'पुन्हा आला का?' घरच्यांनी तिला हसू नये.

पहिली तीन वर्षे दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांना दाखवावे. वर्षातून एकदा मॅमोग्राफी करावी. ५ ते १० वर्षांच्या गोळ्या दिल्या असतील, तर मनानेच बंद करू नयेत. नवी गाठ आली, दुखणे टिकून राहिले, तर अंगावर काढू नये.

त्या दिवशी पाण्याची पाळी शेजाऱ्याला सांगा आणि तिच्यासोबत जा.