प्राध्यापकांसाठी अध्यापन कार्यशाळा : प्रमाणपत्राच्या पुढे काय?

शाळेत शिकवायचे तर डी.एड. किंवा बी.एड. लागते. पाठ टाचण लिहावे लागते, सराव पाठ घ्यावे लागतात आणि मागच्या बाकावर बसलेले मार्गदर्शक चुका दाखवून देतात. वरिष्ठ महाविद्यालयात तसे काही नाही. नेट, सेट किंवा पीएच.डी. झालेला उमेदवार रुजू झाला की लगेच शंभर-सव्वाशे मुलांसमोर उभा राहतो. नेटच्या पहिल्या पेपरमध्ये अध्यापन अभियोग्यतेवर प्रश्न असतात, पण त्यांची उत्तरे पर्यायांतून निवडायची असतात. विषयाचे ज्ञान तपासले जाते, शिकवण्याचे कौशल्य मात्र ज्याचे त्याने कमवायचे.

ही उणीव भरून काढण्यासाठी कार्यशाळा आहेत. त्या उपयोगी पडू शकतात, पण दोन गोष्टी हव्यात. तिथे शिक्षकाने स्वतः शिकवून दाखवले पाहिजे आणि परतल्यावर त्याच्या वर्गात काय बदलले हे कुणीतरी पाहिले पाहिजे.

कोणता वर्ग कशासाठी?

स्टाफरूममध्ये ‘ओरिएंटेशन’, ‘रिफ्रेशर’, ‘एफडीपी’ हे शब्द सतत कानांवर पडतात. त्यांतला फरक असा :

• उद्बोधन वर्ग (ओरिएंटेशन) : नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांसाठी. भर अध्यापनपद्धती, मूल्यमापन आणि उच्च शिक्षणाच्या रचनेवर.

• उजळणी वर्ग (रिफ्रेशर) : साधारण दोन आठवड्यांचा. स्वतःच्या विषयातील नवे प्रवाह समजून घेण्यासाठी.

• प्रवेश प्रशिक्षण : नव्याने रुजू झालेल्यांसाठी सुमारे महिनाभराचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी ‘गुरुदक्षता’ ही मार्गदर्शिका काढली आहे.

• एफडीपी (फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्राम) आणि छोट्या कार्यशाळा : काही दिवसांच्या, एखाद्या विशिष्ट कौशल्यावर. उदाहरणार्थ प्रश्नपत्रिका तयार करणे किंवा डिजिटल साधने वापरणे.

यांचा थेट संबंध पदोन्नतीशी आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला पहिल्या टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर जाताना अध्यापनपद्धतीवरचा २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग पूर्ण केलेला असावा लागतो. स्थाननिश्चितीच्या, म्हणजे या पदोन्नतीच्या, फाइलला ही प्रमाणपत्रे जोडावीच लागतात.

ही केंद्रे आली कुठून?

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने महाविद्यालयीन शिक्षकांच्या प्रशिक्षणाची गरज ठळकपणे मांडली. त्यानंतर आयोगाने विद्यापीठांमध्ये अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद अशा ठिकाणी आणि गोवा विद्यापीठातही ती उभी राहिली. २०१५ मध्ये त्यांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले आणि २०२३ पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनांच्या शिक्षकांसाठी भोपाळ, चंडीगड, चेन्नई आणि कोलकाता येथे राष्ट्रीय संस्था १९६० च्या दशकापासून आहेत.

थोडक्यात, व्यवस्था आहे आणि जुनीही आहे. तिथे दिवसभर काय चालते, हे पाहायला हवे; त्याआधी काय चालायला हवे, याचा एक नमुना पाहू.

दहा मिनिटांचा पाठ

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘इन्स्ट्रक्शनल स्किल्स वर्कशॉप’ सुरू झाली. पुढे ती अनेक देशांत पोहोचली. तिची रचना साधी आहे. चार-सहा शिक्षकांचा गट असतो. प्रत्येकाने दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी विद्यार्थी म्हणून बसायचे. पाठाचे चित्रीकरण होते. पाठ संपला की ‘विद्यार्थी’ सांगतात, आम्हाला काय कळले आणि कुठे सुटले. शिक्षक चित्रफीत पाहतो आणि पुढचा पाठ सुधारून घेतो. असे प्रत्येकाचे तीन पाठ होतात. साधनव्यक्ती व्याख्यान देत नाही, चर्चा मार्गावर ठेवते.

चित्रफितीत काय दिसते? बहुतेकांना पहिल्यांदा खटकते ती स्वतःची घाई. आपण विचारतो, “समजलं ना सगळ्यांना?” आणि मुलांच्या माना वर येण्याआधीच फळ्याकडे वळतो. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शालेय विज्ञानवर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. ही वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरे लांबली, अधिक मुले बोलू लागली आणि मुलांनी स्वतःहून विचारलेले प्रश्नही वाढले. वर्गात तीन सेकंदांची शांतता शिक्षकाला फार मोठी वाटते. ती सहन करायला सरावानेच जमते आणि असा सराव करण्याची जागा म्हणजे कार्यशाळा.

एक तंत्र, जवळून

कार्यशाळांत हमखास शिकवले जाणारे एक तंत्र म्हणजे ‘थिंक-पेअर-शेअर’. आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, शेवटी वर्गापुढे मांडणी. अमेरिकेतील फ्रँक लायमन यांनी ते १९८१ मध्ये मांडले. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा, मागणीच्या लवचिकतेवरचा तास घेऊ.

प्रश्न फळ्यावर : “मिठाचा भाव दुप्पट झाला आणि चित्रपटाच्या तिकिटाचाही. विक्री कशाची जास्त घटेल? का?”

पहिले मिनिट प्रत्येकाने वहीत उत्तर लिहायचे, बोलायचे नाही. पुढची दोन मिनिटे शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे. मग चार-पाच जोड्यांना उत्तर विचारायचे. कुणी म्हणेल, भाव सारखाच वाढला, तर विक्रीही सारखीच घटणार. कुणी म्हणेल, मीठ टाळता येत नाही, सिनेमा टाळता येतो. दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहायची आणि त्यानंतरच ‘लवचिकता’ ही संज्ञा उच्चारायची. व्याख्या येण्याआधी तिची गरज मुलांना पटलेली असते. सात-आठ मिनिटांत मागच्या बाकावरचा मुलगाही काहीतरी लिहून, बोलून मोकळा झालेला असतो.

मोठ्या वर्गात हे जमत नाही, असा आक्षेप नेहमी येतो. आयआयटी मुंबईतील संशोधकांनी प्रोग्रामिंगच्या पहिल्या वर्षाच्या सुमारे ४५० विद्यार्थ्यांच्या वर्गात हेच तंत्र वापरून निरीक्षणे नोंदवली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. या उपक्रमांत सरासरी ८३ टक्के विद्यार्थी खरोखर कामात गुंतलेले आढळले. म्हणजे पटसंख्या मोठी आहे म्हणून हे तंत्र सोडून द्यायचे कारण नाही. त्यासाठी नेमका प्रश्न आणि वेळेचे भान लागते.

फरक पडतो का?

२०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यास एकत्र तपासले. निव्वळ व्याख्यान असलेल्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास होत होते. विद्यार्थ्यांना सक्रिय ठेवणाऱ्या वर्गांत हे प्रमाण २१.८ टक्के होते. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलीसाठी या आकड्यांचा अर्थ पदवी मिळणे किंवा शिक्षण सुटणे असा होऊ शकतो. म्हणूनच कार्यशाळेत काय घडते याची काळजी करायला हवी.

कुठे अडते?

पहिली अडचण स्वरूपाची. ‘विद्यार्थिकेंद्री अध्यापन’ या विषयावर सलग दीड तास पीपीटी वाचून दाखवली जाते, आणि ऐकणाऱ्यांना एकदाही काही करावे लागत नाही. ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद ठेवून हजेरी लागते.

दुसरी अडचण मोजणीची. पदोन्नतीसाठी प्रमाणपत्रे मोजली जातात, महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनासाठी किती शिक्षकांनी कार्यशाळा केल्या ते मोजले जाते. वर्गात काय बदलले, हे विचारणारा रकाना नसतो.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत तासांचा मोठा भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे. त्यांना जितके तास तितकेच मानधन. कार्यशाळेला जायचे म्हणजे त्या दिवसांचे पैसे बुडवायचे, आणि स्थाननिश्चिती तर त्यांच्यासाठी नाहीच. ज्यांच्या हातात सर्वाधिक मुले आहेत, त्यांच्यापर्यंतच प्रशिक्षण पोहोचत नाही. हा अन्याय आहे.

कार्यशाळा निवडताना

नाव नोंदवण्याआधी वेळापत्रक मागवा आणि एवढे तपासा :

• मला स्वतः शिकवून दाखवायचे आहे का?

• माझ्या पाठावर अभिप्राय कोण आणि कसा देणार?

• माझ्याच विषयातील एखादा घटक घेऊन काम करता येईल का?

• महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा संपर्क होणार आहे का?

यांपैकी एकाचेही समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर तिथे माहिती मिळेल, कौशल्य मिळणार नाही.

परतल्यावर

सगळे एकदम बदलायला जाऊ नका. एक वर्ग, एक घटक, एक नवे तंत्र एवढे पुरे. तासाच्या शेवटी मुलांकडून नाव न लिहिता चिठ्ठी घ्या : आज काय कळले, काय कळले नाही. विभागातल्या एखाद्या सहकाऱ्याला मागे बसून तास पाहायची विनंती करा आणि त्याचा तास तुम्ही पाहा. त्यासाठी निधी लागत नाही, परवानगीही लागत नाही.

प्राचार्यांना आणि अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला मात्र एक आग्रहाची विनंती आहे. कार्यशाळेहून परतलेल्या शिक्षकाकडून प्रमाणपत्राची प्रत जरूर घ्या, पण त्याच सत्रात त्याचा एक तास पाहायलाही जा. आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना कार्यशाळेच्या दिवसांचे मानधन द्या. कार्यशाळांवर होणारा खर्च विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवायचा, तर सुरुवात या दोन गोष्टींपासून करावी लागेल.