पंख्याचे जेट विमान

आकाशातून पांढरी रेघ ओढत जाणारे जेट विमान तुम्ही अनेकदा पाहिले असेल. तसेच दिसणारे, पण हलक्या फोमचे, हातभर लांबीचे विमानही बाजारात मिळते. ते जमिनीवर उभे राहून रेडिओच्या साहाय्याने उडवतात. त्याच्या नाकावर पंखा दिसत नाही. मग ते पुढे कसे जाते?

खऱ्या जेट विमानात इंधन जळते. या छोट्या विमानात काहीच जळत नाही. त्याच्या पोटात एक गोल नळी असते आणि त्या नळीत लहानसा पंखा असतो. विजेची मोटर हा पंखा मिनिटाला 30 ते 40 हजार वेळा फिरवते. पंखा पुढून हवा ओढतो आणि मागे जोराने फेकतो. फुगा फुगवून त्याचे तोंड न बांधता सोडला, तर हवा मागे जाते आणि फुगा पुढे पळतो. येथेही तेच घडते.

आता थोडे गणित करू. स्वस्त विमानांत बरेचदा 64 मिलिमीटर व्यासाचा पंखा असतो. म्हणजे हवेला जायला सुमारे 32 चौरस सेंटिमीटर जागा मिळते. नाकावर 20 सेंटिमीटरचा उघडा पंखा असेल, तर तो 314 चौरस सेंटिमीटर जागेतील हवा ढकलतो. ही जागा जवळजवळ दहापट झाली! नळीतल्या पंख्याला हवा थोडी मिळते, म्हणून ती फार वेगाने फेकावी लागते. त्यात वीज जास्त खर्च होते. अशा विमानाची बॅटरी तीन-चार मिनिटांतच संपत येते.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. उघड्या पंख्याची हवा शेपटीवरून वाहते. त्यामुळे विमान सावकाश जात असले, तरी शेपटीच्या हलत्या पट्ट्या काम करतात. जेटची हवा मात्र मागच्या तोंडातून बाहेर निघून जाते. पट्ट्यांना तिचा काहीच उपयोग होत नाही. म्हणून विमान हातातून सुटल्यानंतरचे पहिले दोन-तीन सेकंद नाजूक असतात. मोटर पूर्ण जोरात चालू ठेवून, वाऱ्याकडे तोंड करून, विमान जवळजवळ सरळ फेकावे. नवशिके ते लगेच वर चढवू पाहतात. मग वेग कमी होतो, पंखांची उचल संपते आणि विमान एका अंगावर कलून जमिनीवर आदळते.

काही दिवस उडवल्यावर वाटू लागते, की विमान आणखी वेगाने जायला हवे. मग तीन घटांच्या बॅटरीऐवजी चार घटांची बॅटरी लावली जाते. लिथियम-पॉलिमर घट 3.7 व्होल्टचा धरतात. म्हणजे 11.1 व्होल्टचे 14.8 व्होल्ट झाले. ही वाढ एक तृतीयांश दिसते, पण पंखा वेगाने फिरला की हवेचा विरोध खूप वाढतो. आधी 30 अँपिअर वीज घेणारी मोटर आता 50 च्या आसपास मागू लागते. पूर्वी 333 वॅट लागत होते, आता सुमारे 740! मोटरचा वेग कमीजास्त करणारे छोटे यंत्र 40 अँपिअरचे असेल, तर ते तापून जळते. स्वस्त विमानांत बहुधा याच यंत्रातून विमानातल्या रेडिओलाही वीज मिळते. ते जळले, की मोटर बंद पडते आणि शेपटीही हलत नाही. मग अर्ध्या किलोचे ते विमान कोणाच्या डोक्यावर पडेल, हे सांगता येत नाही. म्हणून बॅटरी बदलायची असेल, तर मोटर आणि ते यंत्र दोन्ही तेवढ्या ताकदीचे आहेत का, हे आधी पाहा. चार घटांची बॅटरी जडही असते. ती पुढे-मागे सरकवून विमानाचा तोल पुन्हा साधावा लागतो.

माझ्या मते आधी बिनखर्चाच्या सुधारणा कराव्यात. हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या धारदार कडा पॉलिश कागदाने घासून गोल करा. पंखा आणि नळी यांच्यामधील फट चिकटपट्टीने बंद करा. विमान दोरीने ताणकाट्याला बांधा, बोटे पंख्यापासून दूर ठेवा आणि मोटर चालवून जोर मोजा. सुधारणेच्या आधी आणि नंतर असे दोनदा मोजले, की फायदा किती झाला ते आकड्यांत कळते. जास्त पात्यांचा पंखा बसवला, तर आवाज खऱ्या जेटसारखा होतो. पण तो शौकाचा भाग झाला.

लिथियमची बॅटरी फुगली असेल, तर ती वापरू नका. ती पेट घेऊ शकते. चार्ज करताना तिच्याजवळ मोठे माणूस असावे. भारतात 2021 च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे भाग केले. विमानतळाजवळ परवानगीशिवाय असे विमान उडवता येत नाही. जागा मोकळ्या मैदानाचीच निवडा आणि घड्याळ लावून ठेवा. बॅटरीत थोडी वीज शिल्लक असतानाच विमान खाली आणा. पहिल्या खेपेला उतरणे जमले नाही, तर पुन्हा वर जाऊन एक फेरी मारायला ती लागते.